खिडकीखालच्या चपला

"अगं, कबरीवर काय बसलीस? आत चल की, भक्ती सुरू झाली," मी म्हणाले.

ती मुलगी हसली. मांडीवरच्या बाळाचं टोपडं सारखं करत म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, पाळकीणबाई. मी इथंच बरी. आणि उशीर तुम्हाला झालाय, मला नाही."

उशीर झाला होता हे खरंच. चिंचदऱ्यातला आमचा तो पहिला रविवार होता, आणि नव्या पाळकाची बायको पहिल्याच रविवारी उशिरा आली ही बातमी संध्याकाळपर्यंत शिवेपलीकडे जाणार हे मला दिसत होतं. पण ऐन वेळी नवऱ्याच्या झग्याचं बटण तुटलं, ते लावून त्यांना पुढे धाडेपर्यंत माझ्या स्वतःच्या वेणीकडे बघायला मला सवड झाली नव्हती. मी धावतपळत दाराशी गेले आणि चपला काढल्या.

आमच्याकडच्या खेड्यातल्या चर्चमध्ये सतरंजीवर बसतात, त्यामुळे अख्ख्या मंडळीची पायताणं दारात असतात. आत किती माणसं आहेत याचा अंदाज पाळकाला आधी तिथेच येतो. त्या दिवशी ढीग चांगला मोठा होता. नवीन पाळक कसा बोलतो ते ऐकायला गाव लोटलं होतं.

मी गुपचूप मागे बसायला गेले, तर पहिल्या ओळीतल्या एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईंनी मान न वळवता हाताने मला पुढे यायची खूण केली. त्यांना मी आलेली कशी कळली कोण जाणे. मी निमूटपणे त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्या अगदी खिडकीला लागून बसल्या होत्या. चर्चच्या बाकीच्या खिडक्या छातीएवढ्या उंच होत्या, ही दक्षिणेकडची एकच तेवढी गुडघ्याएवढी खाली आणि सताड उघडी. तिच्यातून दिवाळीनंतरचा गार वारा थेट आमच्या मानेवर येत होता. बसल्या जागेवरून मला बाहेरच्या बाळाचं लाल टोपडं दिसत होतं.

"हन्नाबाई, लावा की ती खिडकी," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"मला दम लागतो," त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

आमच्या पाळकसाहेबांचं प्रवचन विद्वत्तापूर्ण झालं. म्हणजे लांब झालं. त्यातला पूर्वार्ध संपेपर्यंत माझं नाक वाहायला लागलं होतं, पण शेजारच्या हन्नाबाईंना दमाबिमा काही लागलेला मला दिसला नाही. त्या काळ्या दगडासारख्या ताठ बसून होत्या.

घरी आल्यावर घंटा वाजवणारे येशुदासमामा अंगणात टेकले. चहा पुढे ठेवला की येशुदासमामांना फार काही विचारावं लागत नसे, कप अर्धा व्हायच्या आत सगळं आपोआप बाहेर येई.

"ती कबरीवरची होय? ती सुवार्ता. हन्नाबाईची एकुलती एक पोरगी," ते म्हणाले. "साखर कारखान्यातल्या बबन फिटरशी लगीन केलं तिनं. पोरगा गुणाचा हाये, पर आपल्यातला न्हाई. कचेरीत जाऊन सह्या केल्या दोघांनी. मग मंडळीचा नियम लागला. भायेरचं लगीन केलं की मानूस मंडळीच्या भायेर. दाराच्या आत यायचं न्हाई."

"आणि हन्नाबाईंना चाललं हे?"

मामांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. "चाललं? ठराव त्यांनीच मांडला, बाई. भर पंचांत उभ्या ऱ्हायल्या अन् म्हनल्या, नियम सगळ्यांना सारखा. तवापासून लेकीशी अवाक्षर न्हाई. आता नातू झाला, तरी न्हाई. पोरगीबी त्यांचीच. म्हनते, मला आत नका घेऊ, पर माझ्या लेकराचा बाप्तिस्मा ह्याच देवळात व्हायला पायजे, नाताळाला. तवर दर रविवारी येते आन् त्या कबरीवर बसते."

मी नवऱ्याकडे पाहिलं. ते चष्मा पुसायला लागले. उत्तर द्यायचं नसलं की त्यांचा चष्मा नेहमी खराब व्हायचा.

"आईबापांपैकी एक तरी मंडळीत हवं, एस्तेर," ते म्हणाले. "मी एकटा काय करणार? आपल्याला इथे वर्षभर बघणार आणि मग ठेवायचं की नाही ते पंच ठरवणार. पंचांत हन्नाबाई आहेत."

"म्हणजे तुम्हीही त्यांना घाबरता."

"गावातला पोलीसपाटील घाबरतो," ते म्हणाले. "मी तर परगावचा माणूस आहे."

तर अशी गोष्ट होती. एका बाळाच्या डोक्यावर ओंजळभर पाणी घालायचं होतं, आणि त्याची आजीच आडवी आली होती.

दुसऱ्याच दिवशी मी ती कबर नीट बघायला गेले. खरं सांगायचं तर मला सुवार्ताशी ओळख करायची होती, आणि ती अधूनमधून कबरीभोवतीचं गवत काढायला येते असं मामांनी सांगितलं होतं. चिंचदऱ्याचं कबरस्थान चर्चच्या मागे होतं, तिथे सगळे रांगेत, पूर्वेकडे पाय करून शिस्तीत निजलेले. ही एकच कबर रांग सोडून, चर्चच्या भिंतीला चिकटून, खिडकीखाली आलेली. हातभर उंचीचा दगडी ओटा, वर एकसंध काळी शिळा. नाव नाही, साल नाही, क्रूससुद्धा नाही. डोक्याकडच्या बाजूला मात्र मूठ जाईल एवढं एक गोल भोक होतं, तिरपं, थेट खिडकीकडे तोंड करून. आणि शिळेच्या पायथ्याशी दगडात कोरलेला चपलांचा एक जोड.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"पहिल्या पाळकांचं म्हणतात," सुवार्ता म्हणाली. बाळ तिच्या पाठीला ओढणीने बांधलेलं होतं आणि माझ्याकडे संशयाने बघत होतं. "फार कडक होते म्हणे. मेल्यावरही प्रवचन ऐकता यावं म्हणून भोक ठेवलंय. कुणी चुकीचं बोललं की त्या पाळकाचा आवाज बसतो. आम्ही लहानपणी कान लावून ऐकायचो. आमच्या आधी, आशेर पाटोळे लहान असताना आत सरडा निघाला, तर ते चार दिवस तापाने फणफणले होते. आता तेच मंडळीचे सेक्रेटरी आहेत."

"आणि चपला?"

"त्यांचं कुणी काही सांगत नाही. लहानपणी आईला विचारलं, तर धपाटा मिळाला."

मी ही सगळी कथा घरी येऊन सांगितली. हे मोठ्याने हसले. अशा भाकडकथांमुळेच आपला समाज मागे राहिला, वगैरे म्हणाले. त्या आठवड्याचं प्रवचन मात्र त्यांनी दोनदा तपासलं आणि उत्तरार्धाला चांगली कात्री लावली. मी मनातल्या मनात त्या कडक पाळकांचे आभार मानले.

पण चपलांचं कोडं त्यांच्याही डोक्यात शिरलं होतं. दोन दिवस पुस्तकं चाळून त्यांनी उत्तर काढलं. "सोपं आहे, एस्तेर. पवित्र जागी जोडे काढावेत असं शास्त्रात आहे. त्या पाळकाला सांगायचं होतं की ही भूमी पवित्र आहे. मी नाताळाला यावरच बोलणार."

"जरूर बोला. पण आधी एकदा येऊन बघा."

मी त्यांना हाताला धरून तिथे नेलं. शिळेवरची धूळ पदराने पुसली. कोरीव काम फार सुबक होतं. चपला लहान होत्या, माझ्या पावलापेक्षाही लहान. अंगठ्याची वादी, मधला पट्टा, सगळं होतं. आणि डाव्या चपलेचा पट्टा मध्येच तुटून त्याला गाठ मारलेली होती, ती गाठसुद्धा कोरणाऱ्याने सोडली नव्हती. टाच एका बाजूने झिजलेली होती, तीही तशीच.

"तुमचा कडक पाळक बायकांच्या चपला घालायचा का?" मी विचारलं. "आणि त्याही तुटक्या?"

हे बराच वेळ उकिडवे बसून त्या गाठीवरून बोट फिरवत राहिले. "ज्याने ही गाठ कोरली," ते हळूच म्हणाले, "त्याने या चपला रोज पाहिल्या असणार." माझा नवरा लांबण लावायचा, पण मूर्ख नव्हता.

पुढच्या आठवड्यात आमच्या घरी पंचांची बैठक झाली. नाताळासाठी चर्चला चुना द्यायचा, पताका लावायच्या आणि दक्षिणेच्या अंगाला जेवणाचा मांडव घालायचा असं ठरलं. मग आशेर पाटोळे घसा खाकरून म्हणाले की खिडकीखालची ती कबर मांडवाच्या वाटेत येते. नाव ना गाव, कुणी वारस नाही. शिळा काढून ओटा सपाट करावा, भोक सिमेंटने बुजवावं. मांडवाला जागा होईल.

मांडवाला जागा पुष्कळ होती. तिथे एका माणसाला बसायला जागा राहू नये एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो बैठकीतल्या प्रत्येकाला कळला होता. आमचे हे म्हणाले, "जरा विचार करू." आशेर म्हणाले, "पाळकसाहेब, तुम्ही नवीन आहात." मग सगळ्यांनी हन्नाबाईंकडे पाहिलं. बाजूने किंवा विरुद्ध, हन्नाबाईंचं मत नाही अशी गोष्ट चिंचदऱ्यात आजवर झाली नव्हती. त्या दिवशी त्या चुनाभट्टीचं बिल बघत असल्याचं दाखवत खाली मान घालून बसल्या. ठराव पास झाला.

नाताळाच्या फराळाला भगिनी मंडळाच्या बायका आमच्याच ओसरीत जमल्या. करंज्यांचा घाणा चालला होता. हन्नाबाई लाटत होत्या, मी भरत होते, आणि प्रत्येक करंजीनंतर त्या माझ्या करंजीकडे बघून नाक मुरडत होत्या.

"पाळकीणबाई, ही करंजी आहे की होडी? कडेला पाणी लावा जरा. तेलात उघडली तर सगळ्या मंडळीचं सारण तळून निघेल."

बायका हसल्या. मीही हसले आणि संधी साधली. "हन्नाबाई, त्या खिडकीखालच्या कबरीत बाई आहे हो."

त्यांचं लाटणं चाललंच होतं.

"चपला बाईच्या आहेत. डाव्या चपलेच्या पट्ट्याला गाठ आहे. आम्ही नीट बघितलं."

लाटणं थांबलं. पोळपाटावरची पारी एका बाजूने फार पातळ झाली होती, तिच्याकडे त्या बघत राहिल्या. मग ती पारी उचलून त्यांनी गोळ्यात परत कालवून टाकली. हन्नाबाईंची पारी मोडलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"मेलेल्यांच्या पायांकडे बघण्यापेक्षा चुलीकडे बघा," त्या म्हणाल्या. "तेल तापलंय."

नाताळाच्या आदल्या दिवशी सकाळी गवंडी आला. त्याच्या पहारीचा आवाज ऐकायच्या तयारीने मी कपडे वाळत घालत होते, पण आवाज काही येईना. म्हणून पाहायला गेले, तर गवंडी पहार बाजूला टेकवून तंबाखू मळत बसला होता, आणि हन्नाबाई कबरीवर बसल्या होत्या. अगदी सुवार्ता बसायची त्याच जागी.

"या बाई उठत न्हाईत," गवंडी माझ्याकडे तक्रारीच्या सुरात म्हणाला.

"तू जा," त्या त्याला म्हणाल्या. "आशेरला सांग, हन्नाबाई बसल्यात. उठवायचं असेल तर स्वतः ये म्हणावं. येताना तापाची गोळी घेऊन ये."

गवंडी गेला. मी तिथेच उभी राहिले. हन्नाबाईंनी मला बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही, तेव्हा मी बसले.

"ही माझी आजी," त्या म्हणाल्या. "आईची आई. सारजा नाव. मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली पोर. हे चर्च बांधलं तेव्हा मल्हारी म्हणून पाथरवट होता, त्याला पाणी द्यायला जायची. पाणी देता देता लग्न करून बसली. तो आपल्यातला नव्हता. मंडळीने तिला काढली."

"तुमच्या सुवार्तासारखंच."

माझ्या बोलण्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. "ती रविवार चुकवायची नाही. इथे मातीत बसायची. खिडकी तेव्हा उंच होती, आतलं काही ऐकू येत नसे. एका पावसाळ्यानंतर भिंत दुरुस्त करायला मिशनच्या साहेबांनी आजोबालाच बोलावलं. त्याने या एका खिडकीचा उंबरा खाली घेतला. दगड तडकला होता म्हणाला. साहेबांनी डोळेझाक केली. माझी आई तिच्या मांडीवर इथेच मोठी झाली. आजी गेली तेव्हा पंच कबरस्थानात जागा नाही म्हणाले. साहेब म्हणाले, मग जिथे बसत होती तिथे राहू दे. ही शिळा आजोबाने घडवली. भोकही त्यानेच ठेवलं."

"म्हणजे कडक पाळक..."

"मी सांगितलं ते," हन्नाबाई म्हणाल्या. त्यांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. "शाळेत पोरी चिडवायच्या, तुझी आजी देवाच्या दाराबाहेरची. म्हणून मी एक दिवस सांगून टाकलं की इथे एक पाळक आहे आणि तो सगळं ऐकतो. पोरी घाबरल्या. मग त्यांनी आपापल्या घरी सांगितलं. चुकीचं बोलणाऱ्याचा आवाज बसतो, हे तर नंतर येशुदासने जोडलंय."

मला हसू आलं, पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून ते मी आवरलं. 

"आत यायला आईचं अर्धं आयुष्य गेलं, एस्तेरबाई. हात जोडून जोडून आत आली. मरताना मला म्हणाली, पोरी, पुन्हा या घरातलं कुणी खिडकीखाली बसता कामा नये. मी कधी कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही. आणि माझीच पोर..." त्या थांबल्या. "मी नसता मांडला ठराव, तर आशेरने मांडला असता. वर एखादा म्हातारा म्हणाला असता, यांच्या रक्तातच आहे. मग आजीचं सगळं उकरून निघालं असतं."

"म्हणून तुम्ही लेकीला काढलीत."

"हो." 

"आणि दम लागतो म्हणून खिडकी उघडी ठेवलीत."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू वर्गात पुढच्या बाकावर बसलेल्या मुलीने न विचारता उत्तर दिलंय. मग त्या उठल्या, लुगडं झटकलं आणि चालू लागल्या.

"हन्नाबाई, चपला का कोरल्या ते राहिलंच."

"तुमच्या नवऱ्याला विचारा," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "त्यांना सगळं शास्त्रातून कळतं."

नाताळाच्या सकाळी चर्चच्या दारात चपलांचा डोंगर झाला होता. नव्या बाटाच्या, नव्या कोल्हापुरी, पोरांचे चकचकीत बूट. मी या वेळी वेळेवर आले होते. सुवार्ता कबरीवर बसली होती, नवं पातळ नेसून. बाळाला पांढरं झबलं-टोपडं घातलं होतं. बाप्तिस्मा होणार नाही हे तिला माहीत होतं, तरी तिने त्याला तसं सजवून आणलं होतं, आणि मला ते पाहवलं नाही. फाटकापाशी मोटरसायकलला टेकून बबन उभा होता. इस्त्रीचा सदरा, आणि केसांना एवढं तेल की उन्हात चमकत होतं. आत यावं की नाही, हा त्याचा प्रश्नच नव्हता. तो फक्त बायकोला घरी न्यायला थांबला होता.

हन्नाबाई आपल्या जागी, खिडकीशी. खिडकी उघडी. 

गीतं झाली. पाळकसाहेब प्रवचनाला उभे राहिले. पवित्र भूमीवरचं ते प्रवचन त्यांनी फाडून टाकलं होतं, नवं लिहायला रात्रभर जागले होते आणि हातात कोरा कागद घेऊन आले होते, हे फक्त मला ठाऊक होतं. ते म्हणाले, "आज तारणारा जन्मला. त्याच्या आईला आत जागा मिळाली नव्हती." एवढं बोलून त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि त्यांना पुढचं काही सुचेना. त्यांचं इतकं छोटं आणि इतकं चांगलं प्रवचन मी आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही.

त्या शांततेत बाहेर बाळ खिदळलं. 

हन्नाबाई उठल्या. बायकांमधून वाट काढत मधल्या पट्टीने दाराकडे गेल्या. आम्हाला वाटलं, त्यांना खरंच दम लागला. अख्खी मंडळी वळून बघायला लागली, आणि मी सरळ खिडकीत गेले.

त्या कबरीपाशी आल्या तशी सुवार्ता उठून उभी राहिली. मारतात की काय असा तिचा चेहरा झाला होता. हन्नाबाई खाली वाकल्या. त्या वयात त्यांना वाकायला कष्ट पडले, एक हात त्यांनी शिळेवर टेकला. दुसऱ्या हाताने त्यांनी लेकीच्या पायातली एक चप्पल काढली, मग दुसरी. हन्नाबाई आढाव कुणाच्या पायाला हात लावतील असं सांगणाऱ्याला चिंचदऱ्यात वेड्यात काढलं असतं.

"आई, काय करतेस..." सुवार्ता रडायलाच लागली.

"उशीर झालाय तुला," हन्नाबाई म्हणाल्या. "भक्ती कधीच सुरू झाली."

त्या चपला एका हातात आणि लेकीचा दंड दुसऱ्या हातात धरून त्या दाराशी आल्या. चपला त्यांनी आपल्या चपलांच्या शेजारी ठेवल्या, नीट जुळवून. मग फाटकाकडे बघून ओरडल्या, "जावईबापू, तुम्हाला काय वेगळी पत्रिका पाहिजे का?"

बबन धडपडत आला. एक बूट त्याने काढला, दुसऱ्याची नाडी अडकली, ती शेवटी मामांनी सोडवली.

आशेर पाटोळे उभे राहिले. आवाज चढवायचा त्यांनी प्रयत्न केला. "हन्नाबाई, मंडळीचा ठराव आहे. तुमचाच."

"माझाच. म्हणून मीच मागे घेते," त्या दारातून म्हणाल्या. मग त्यांनी सगळ्या मंडळीकडे पाहिलं. "बाहेर खिडकीखाली पाळकबिळक कुणी नाही. ती माझी आजी आहे, सारजा. बाहेरचं लग्न केलं म्हणून या मंडळीने काढलेली. तिच्या कबरीवर माझ्या आजोबाने तिच्या चपला कोरल्या, तेव्हा पंच भांडायला गेले होते. नाव नाही, क्रूस नाही आणि ह्या चपला कशाला, म्हणाले. तो पाथरवट होता, चार शब्द बोलायचा नाही. त्या दिवशी मात्र बोलला. आईने मला सांगितलं होतं, मी आजवर कुणाला सांगितलं नाही."

खरोखरच त्यांना दम लागला होता.

"तो म्हणाला, तुमच्या देवळात माणूस आत गेलं की चपला बाहेर राहतात. माझ्या बाईच्या चपला बाहेर आहेत. ती आत गेली. आता काढा बघू तिला बाहेर."

आशेर पाटोळे उभे होते ते हळूहळू खाली बसले. आमच्या पाळकसाहेबांचा चष्मा ओला झाला होता, आणि या वेळी तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"ज्यांना ठराव मागे घ्यायचा आहे त्यांनी हात वर करावा," ते कसेबसे म्हणाले. पहिला हात येशुदासमामांचा वर गेला. मग बायकांचे गेले, मग पुरुषांचे. शेवटी आशेर पाटोळ्यांनीही हात वर केला, कान खाजवल्यासारखा, पण केला.

बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा ते अजिबात रडलं नाही. त्याचा बापच रडला. नाव विचारलं तेव्हा सुवार्ताने आईकडे पाहिलं, आणि हन्नाबाई अगदी सहज, जणू कधीच ठरलं होतं अशा सुरात म्हणाल्या, "मल्हारी."

मग त्या आपल्या जागेवर येऊन बसल्या. लेक शेजारी, नातू मांडीवर. सुवार्ताने डोळे पुसले. मी मागे सरकून त्यांना जागा करून दिली. पुढचं गीत सुरू झालं, आणि गाता गाताच हन्नाबाईंनी हात लांब करून ती दक्षिणेची खिडकी लावून घेतली. कडीसुद्धा घातली.

"गार वारा येतोय," त्या मला म्हणाल्या. "बाळाला बाधेल."